ताट मीच ओढलं, विहीणबाई

श्रीमती चारुलताताई यांस,

उलव्याहून मालतीचा नमस्कार. रागात असलात तरी तो घ्यावा, नमस्कारानं तुमचं काही वाकडं केलेलं नाही. इकडे निशांत, अबोली, मनस्वी सगळी ठणठणीत आहेत. तुमचे गुडघे काय म्हणतात, जिना चढताना दम लागतो तो कमी झाला का, हे विचारायला मी आठवडाभर फोन करते आहे आणि तुम्ही तो उचलत नाही. (व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात. म्हणजे वाचता सगळं, हे मला कळतं बरं.) म्हणून शेवटी कागद घेतला. कुरिअरवाला सही घेतल्याशिवाय दारातून हलत नाही, त्याच्याशी तुमचं काही चालायचं नाही.

तुमचा पुतण्या विपुल द्राक्षांची गाडी घेऊन वाशीच्या एपीएमसी मार्केटला आला होता, तो माल उतरवून आमच्याकडे जेवायला आला. पोरगा गुणी आहे, मागून मागून पोळ्या खाल्ल्या, मला फार बरं वाटलं. (आमच्या घरात हल्ली असं जेवणारं माणूस पाहायला मिळत नाही.) पण तासगावला परत जाऊन त्यानं तुम्हाला सांगितलं की अबोलीताई निम्मी झाली आहे, केस विरळ झालेत, ड्रेस खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो, आणि तिनं चार घास खाल्ले नाहीत तोच सासूनं पुढ्यातलं ताट ओढून नेलं. त्यावर तुम्ही अबोलीला फोन केलात की रविवारी येते, बॅग भरून ठेव, तुला माहेरी नेते आणि चांगली खाऊपिऊ घालून आणते. तर विहीणबाई, विपुलचं एक अक्षरही खोटं नाही. ताट मीच ओढलं. रोज दोन वेळा ओढते. का ओढते ते आधी वाचा आणि मग रविवारचं काय ते ठरवा.

अबोलीनं गेल्या वर्षी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. (उभ्यानं वाचत असाल तर बसा, आणि घोटभर पाणी प्या.) यात जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी पिशवी शिल्लक ठेवतात. तुम्हाला तिनं नुसतं 'डाएट चालू आहे' म्हणून सांगितलं होतं, आणि ते खोटंही नाही, कारण आता जन्मभर डाएटच आहे. मला तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मटार सोलत होते. मी साफ नाही म्हटलं. धडधाकट पोटाला सुरी कशाला लावायची? भात सोड, चाल, जिभेला आवर घाल, असं सगळं पाठ असलेलं बोलून घेतलं. ती ऐकत राहिली, शेंगा सोलत राहिली. खरं तर तिनं काय सोडायचं बाकी ठेवलं होतं? भात सोडून झाला, साखर सोडून झाली, कोमट पाण्यात लिंबू-मध झालं, त्या जिममध्ये वर्षाची फी भरून घामाघूम होऊन झालं. प्रत्येक वेळी थोडं उतरायचं आणि उतरलेलं जोडीदार घेऊन परत यायचं. शुगर वाढली, रात्री झोपेत श्वास अडकायला लागला, निशांत तिचा श्वास मोजत जागा राहायचा. (मला चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी एक वेळ कमी पडली तरी मी घर डोक्यावर घेते, आणि मी तिला जिभेला आवर घालायला सांगत होते.) माझं बोलून संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "आई, माझे बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. मनस्वी तर अजून पाच वर्षांची आहे." मी मटार तसेच टाकून उठले आणि डॉक्टरकडे कधी जायचं ते विचारलं.

डॉक्टर बाई वाशीच्या, वयानं लहान पण बोलायला एकदम रोखठोक. त्यांनी आधीच सांगितलं की हे दिसण्यासाठी नाही, आजारासाठी आहे, आणि ऑपरेशन म्हणजे काही जादू नाही, पुढचं काम पेशंटनं करायचं असतं. आधी तपासण्या, मग आहाराचं समजावणारी एक बाई, मग मनाचं विचारणारी एक बाई. (मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातसुद्धा आपण तिला इतकं विचारलं नव्हतं.) मला काही विचारायचं आहे का म्हटल्यावर मी विचारलं की काढलेल्या जठराचं तुम्ही करता काय, आणि हिला पुढे कधी पुरणपोळी खाता येईल की नाही. निशांत खुर्चीत खाली खाली सरकत गेला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं सुरळीत झालं तर पुढे कधी तरी चतकोर खाईल. मला तेवढ्यानं धीर आला. पुरणपोळी अजिबातच बंद असती तर मी सही करू दिली नसती.

ऑपरेशन नीट झालं. कठीण होतं ते पुढचं, आणि तेच मला तुम्हाला सांगायचं आहे, कारण तुमची लेक काय चीज आहे हे तुम्हाला माहीत नाही. खोकल्याच्या औषधाच्या टोपणात पाणी घेऊन ती घोट घोट प्यायची, तासन् तास. मग गाळलेलं वरणाचं पाणी, मग मिक्सरमधून काढलेली मुगाची पेज. माझ्या हातच्या स्वयंपाकाची आयुष्यात एवढी शोभा कधी झाली नव्हती. फोडणीच्या वासानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून मी पंधरा दिवस घरात फोडणी केली नाही. (निशांतनं ऑफिसच्या कँटीनशी सोयरीक जुळवली.) मध्ये केस गळायला लागले, तुर्भ्याच्या ऑफिसातल्या बायका काहीबाही बोलायच्या, ती व्हिटॅमिनच्या गोळ्या वेळेवर घ्यायची, डाळ-पनीर आधी आणि बाकीचं मागून हा नियम मोडायची नाही, आणि तोंडातून चकार शब्द काढायची नाही. ताई, मी उभ्या जन्मात बरीच उपासतापास करणारी माणसं पाहिली. त्यांनी केलेलं सगळ्या आळीला ऐकू यायचं. हिचं शेजारच्या खोलीतही ऐकू आलं नाही.

आता ताटाचं. तुम्ही तिला लहानपणापासून शिकवलंत, पानात टाकायचं नाही, शीतसुद्धा. शिकवलंत ते चांगलंच केलंत, पण ते तिच्या हाडात मुरलंय. पोट भरलं तरी पानात अन्न दिसलं की तिचा हात थांबत नाही, आणि एक घास जास्त गेला की सगळं उलटून पडतं. वाटी अर्धी वाढली तरी त्यात दोन घास उरतातच. तेव्हा तिनंच मला हे काम नेमून दिलं, 'मी चमचा पालथा ठेवला की आई, तुम्ही ताट उचलायचं, मी डोळ्यांनी विनवलं तरी.' मी उचलते. आणि उरलेल्याचं काय होतं म्हणाल, तर ते मी खाते, कारण मलाही कुणी तरी पानात टाकायचं नाही म्हणून शिकवलं होतं. सुनेचं उष्टं खाणारी सासू तासगावात कुणी असेल तर नाव कळवा, आम्ही दोघी मंडळ काढू.

यापायी मी काय सोसलं ते विचारू नका. लोकांनी 'कापून घेतलं, सोपं केलं' म्हणू नये म्हणून अबोलीनं कुणाला सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं. इकडे ती उतरत चालली आणि मी तिचं उष्टं खाऊन भरत चालले, माझे सगळे ब्लाउज उसवायला टाकले आहेत. सोसायटीनं काय समजायचं? समोरची भाविका मला चुकवून अबोलीच्या हातात थेपले कोंबायला लागली. सेक्रेटरी श्यामसुंदर एकदा 'सहज' येऊन बसले आणि कुटुंबात संवाद कसा हवा यावर चहा संपेपर्यंत बोलले. मग महिलांच्या हेल्पलाइनची नोटीस लागली. सगळ्या मजल्यांवर लावली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं, फक्त आमच्याच लिफ्टसमोर लागली होती. मी रोज ती वाचत लिफ्टची वाट पाहायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अबोली जमिनीवर मांडी घालून बसली आणि हात न टेकता उठली, तेव्हा मात्र मला हुंदका आला, आणि त्याचाही बायकांनी भलताच अर्थ काढला.

तिच्या शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी आता बंद केल्या आहेत. रात्री ती शांत झोपते, निशांतही झोपतो. मला तिचा अभिमान वाटतो आणि हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. तेव्हा तिला खाऊपिऊ घालायला न्यायचं असेल तर नेऊ नका, मी सोडणार नाही.

मनस्वीचा आजीला गोड पापा.

तुमची,
मालती

ता. क. : हे सगळं तुम्हाला मीच लिहावं असं अबोलीनंच सांगितलं. ती म्हणाली, "मी बोलायला गेले तर आई रडेल, मी रडेन, आणि खरं सांगायचं राहूनच जाईल." ते खरं असं, की व्हिडिओ कॉलवर तुम्ही बोलता बोलता धापा टाकता, आडवं झोपता येत नाही म्हणून खुर्चीत झोपता, आणि ती फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडते. वडील गेले, आता तुम्ही राहायला हव्यात. सोमवारी सकाळची त्याच डॉक्टरीणबाईंची वेळ मी तुमच्या नावानं घेतली आहे. कापायला नाही, नुसतं दाखवायला. रविवारी याच, पण बॅग तुमची भरून आणा, आणि शुगरचे जुने रिपोर्ट त्यात टाका.

आणखी एक ता. क. : लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा तुमचा नेम मला ठाऊक आहे. तो मोडू नका. हा फ्लॅट माझ्या नावावर आहे.