शांतिदूत आमच्या वॉर्डात

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही म्हणून कागदावरच घालते, गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक, म्हणजे माझी रजा सोडून. आठ दिवस तुझ्याकडे येऊन नुसती झोपणार होते ना, ते पार बोंबललं.

त्याचं झालं असं, की नर्सेसवर फार ताण असतो असा शोध आमच्या मोठ्या साहेबांना लागला. (आम्हालाच विचारलं असतं तर चहा पिता पिता सांगितलं असतं.) ताण घालवायला त्यांनी एक गृहस्थ आणले. आवाज असा मऊ, की ऐकतानाच पांघरूण शोधावंसं वाटावं. आम्ही त्यांचं नाव शांतिदूत ठेवलं. ड्यूटी संपवून आलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी सतरंजीवर आडवं केलं आणि म्हणाले, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. आता नर्सला असं सांगितलं की ती शेजारणीचे श्वास मोजायला लागते. मोजता मोजता आम्ही सगळ्या ढाराढूर! मेट्रनबाईसुद्धा, तोंड उघडं टाकून.

पुढचं शांतिदूतांकडूनच कळलं. आधी ते खूश झाले. मग डोळे उघडा म्हणाले, टाळ्या वाजवल्या, घंटा बडवली. आम्ही ढिम्म. (दुसऱ्या वॉर्डाची घंटा असेल म्हणून झोपेतच दुर्लक्ष केलं असणार.) एवढ्या बायका आपल्या हातून गेल्या की काय, या धसक्यानं बिचाऱ्यांना घेरी आली आणि ते धाडकन पडले. माणूस पडल्याचा आवाज म्हटल्यावर आम्ही ताडकन उठलो. एकीनं पाय वर धरले, दुसरीनं नाडी, मी बीपीचा पट्टा बांधला. "अहो, मी बरा आहे," ते म्हणाले. असं सगळेच म्हणतात. त्यांना पेशंटचे कपडे चढवून, सलाइन लावून मोकळ्या झालो, तेव्हा कुठे लक्षात आलं की अगं बाई, हे तर आपले सर!

डॉक्टर म्हणाले, आणलंच आहे तर राहू द्या. आता ते माझ्याच वॉर्डात, खिडकीपाशी. उशी उंच झाली, दाब बेल. उशी बुटकी झाली, दाब बेल. परवा साहेब भेटायला आले, तर हे गहिवरून सांगतात, "तुमच्या सिस्टर फार पोचलेल्या आहेत हो! क्षणात ध्यान लागतं. यांना कसला आलाय ताण?" साहेबांनी तिथल्या तिथे आमच्या रजा रद्द केल्या. मावशी, मला रडूच फुटलं गं. शांतिदूतांना वाटलं, आनंदाश्रू.

तुझी,
उभ्या उभ्या डुलक्या काढणारी भाची

ता. क. घरचं कुणी आजारी असेल तरच आता रजा मिळते. तेव्हा तू जरा आजारी पड ना. फार नको, मेट्रनबाईंना फोन करून थोडं कण्हलीस तरी पुरे.

आणखी एक ता. क. फोन करू नकोस. मेट्रनबाईंनी मागे उभं राहून सगळं वाचलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पेशंट फारच सीरियस दिसतोय, एका नर्सचं काम नाही, मीही येते. तेव्हा दोन गाद्या घालून ठेव. आजारी माणसाला तेवढं जमायला हरकत नाही, असंही त्या म्हणाल्या.