एसटीवाल्यांचा नंबर आधी

११ नोव्हेंबर
आज रत्नमाला माझ्याकडे बघून हसली, आणि माझं सगळं बदललं!
झालं असं — आमच्या तालुक्याच्या ऑफिसात खिडकीसमोर माणसं नाही, चपला रांगेत उभ्या असतात. गावातले लोक सकाळी येतात, चप्पल ठेवतात, घरी जाऊन जेवतात. खेड्यावरून एसटीनं आलेला माणूस त्या चपलांच्या मागे. आज मालनबाई नावाची म्हातारी पुन्हा दाखल्याशिवाय परत चालली होती. माझं डोकं सटकलं. कॉम्प्युटर सोडून बाहेर आलो आणि सगळ्या चपला उचलून रस्त्यावर फेकल्या.
लोक धावून आले. नायब तहसीलदार साहेब ओरडले, "कंत्राटी माणसाला एवढा माज?"
शेजारच्या खिडकीतली रत्नमाला तोंडावर ओढणी धरून हसत होती. मग म्हणाली, "फेकून काय होते रे अश्वजित? उद्या दुसऱ्या चपला येतीन. उपाय सांग ना!"
माझं नाव, तिच्या तोंडून! कॉलेजात एकाच वर्गात होतो, तेव्हा कधी नाही. मी प्राध्यापकाची कॉलर धरली आणि कॉलेज अर्धवट सुटलं. तिनं डिग्री घेतली, परीक्षा दिली, कायमची कारकून झाली.

१२ नोव्हेंबर
उपाय सुचला. एसटीचं तिकीट दाखवेल त्याचा नंबर आधी. गावातले दुपारनंतर. चप्पल चालणार नाही!
रत्ना म्हणाली, "इतकं सोपं? मंग आतापर्यंत कोणाले काहून नाही सुचलं?"
आमचे शिपाई लिलाधरभाऊ टेबल पुसता पुसता म्हणाले, "सगळे साहेब गाडीनं येतेत, म्हणून."

१९ नोव्हेंबर
साहेबांनी कुरकुरत का होईना, सुरू केलं. मालनबाईला दाखला मिळाला. जाताना पदरातले उकडलेले शिंगाडे माझ्या टेबलावर ओतून गेली. "खा रे लेका, मोठा रागीट आहेस तू!"
अर्धे रत्नाला दिले. तिनं त्यातले दोन सोलून माझ्यासमोर ठेवले. एक खाल्ला. एक खिशातच आहे. वेडा आहे मी.

२५ नोव्हेंबर
आमच्या गावचे लोक हुशार! सकाळी पायी मागच्या थांब्यावर जातात, तिथून एसटीत चढतात आणि तिकीट हलवत येतात! सगळ्यात पुढे पानठेलेवाला चिंधू. मी त्याच्या अंगावर धावलो. रत्नानं माझी बाही धरली. (बाही धरली!)
"थांब. कोठून बसला ते तिकिटावर छापून रायते. जवळचा थांबा असन तर दुपारी ये म्हणायचं. झालं!"
चिंधूलाच हसू आलं. "मॅडम, मायं भाडं वाया गेलं ना!"
त्यानंतर दिवसभर सगळं सुरळीत. मी भांडलो, तिनं सोडवलं.

३ डिसेंबर
जिल्ह्यानं योजना काढली. ज्या कर्मचाऱ्याच्या सूचनेनं लोकांचं काम सोपं होईल त्याला बक्षीस — प्रमाणपत्र, आणि मागेल तिथं बदली. कंत्राटी माणूस यात बसत नाही. म्हणजे आम्हाला डोकं नसतं!
संतापलो. मग रत्नाची आई आठवली. तिकडे गावी, कारध्यात एकटी, गुडघ्यानं अधू. रत्ना इथं खोली करून राहते आणि दर शनिवारी एसटीनं पळते.
म्हटलं, "ही सूचना तुझ्या नावानं टाक."
"तुही गोष्ट मी कायले घेऊ?"
"अर्धी तुझीच आहे."
कडकडून भांडलो. शेवटी टाईप मीच केलं. तिनं सही केली, माझ्याशी न बोलता.

४ डिसेंबर
बक्षीस मिळालं तर ती जाईल. हे काल मला कळत नव्हतं का? कळत होतं.

९ जानेवारी
भंडाऱ्याहून समिती पाहायला आली. एसटीवाल्यांचे नंबर आधी लागताना बघून सगळे खूश! पहिला नंबर तुमचाच, असं साहेबांच्या कानात म्हणालेसुद्धा. मग समितीच्या मोठ्या मॅडमनी सहज विचारलं, "सुचलं कसं तुम्हाला?"
रत्नानं माझ्याकडे बोट केलं. "मॅडम, हे त्याचं आहे. अश्वजितचं."
सूचना कर्मचाऱ्याची स्वतःची नसेल तर बक्षीस नाही. मॅडम तसं सांगून निघून गेल्या.
मागच्या व्हरांड्यात मी तिच्यावर ओरडलो, "अक्कल आहे का तुले? तुह्या आईचं काय?"
"आईनंच शिकवलं, दुसऱ्याचं घेऊ नये म्हणून." मग हळूच, "अन् तू कायले एवढा बोंबलून रायला? मी गेली तर तुले बरं वाटन का?"
मी तिथून पळालो. मी! ज्याचं तोंड कोणी बंद करू शकत नाही, तो!

१० जानेवारी
बरं नाही वाटणार. अजिबात नाही.

१३ जानेवारी
भंडाऱ्याला जाऊन त्या मॅडमना भेटलो. आवाज चढू दिला नाही. सांगितलं, "मी नुसतं तिकीट म्हटलं होतं, मॅडम. ते लगेच कोलमडलं. थांबा बघायचं तिनं शोधलं, म्हणून आज चालून राहिलं. बक्षीस तिचंच आहे."
त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मग तिची बदली होईल. समजतंय ना?"
"हो मॅडम. कारध्याजवळ द्या."
नमस्कार केला. बाहेर आलो आणि मागे दार हळूच ओढून घेतलं.