गल्लीतली माणसं

जीवन,

मी शेजारी सटवाजीमामाच्या घरी हाय. मामा सकाळी गेले, दुपारी माती हाय. भाकरी टोपल्यात झाकून ठेवली, खाऊन घे.

तू पुठ्ठ्याची आपली गल्ली केलीस, माणसांच्या बाहुल्यांसकट लय हुबेहूब केलीस. पण मामाची बाहुली रंग द्यायला तू कालच पारावरून उचललीस. कडूबाईची उचललीस, तवा बी त्या दुसऱ्याच दिशी गेल्या. योगायोग असंल. तरी आईची अन् माझी बाहुली मी फेविकॉलनं पक्की चिकटवून टाकली. हसू नको.

तुझी मात्र कुठंच सापडंना. पुठ्ठ्याच्या गल्लीत आपल्या दारापुढं नुसता डिंकाचा डाग हाय. सकाळधरनं फोन लावायलेय, तू उचलंनास.

घरात पाय ठेवलास की आधी मला हाक मार. भाकरी मग खा.

मनिषाताई