शेजारच्या खाटेवरची मुलगी

अहो,

सप्रेम नमस्कार. आधी गोड बातमी. नर्सिंगच्या परीक्षेत तुमची बायको पहिली आली. दोन पोरांची आई, इतक्या वर्षांनी हातात वही धरलेली. दुकानात गिऱ्हाइकांना जरूर सांगा, पण वस्तरा खाली ठेवून सांगा.

तुम्ही घातलेल्या वेण्या एक वर, एक खाली असतात, असं धाकटी फोनवर म्हणाली. भात उतरवताना तुमचा हात भाजला, हेही तिच्याच तोंडून निसटलं. मलम लावता ना?

निकालाच्या दिवशी आमच्या नर्सिंग शाळेच्या मोठ्या बाईंनी मला नव्या मुलींपुढे उभं केलं. म्हणाल्या, "मेहनत केली की काय होतं, ते सांग यांना."

मी म्हटलं, "बाई, वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी माझ्याहून जास्त मेहनत करायची. पण तिला घरून रोज फोन यायचा, आजारी आईकडे कोण बघणार, परत ये. परीक्षेआधीच ती गेली. माझ्या घरचे मात्र एवढंच विचारायचे, जेवलीस का?"

 मला वाटलं, जरा जास्तच बोलले. पण संध्याकाळी बाईंनी स्वतः त्या मुलीला फोन लावला. म्हणाल्या, "आईला आपल्याच दवाखान्यात घेऊन ये. तुझी परीक्षा वेगळी घेऊ."

आज दोघी आल्या. आई वॉर्डात झोपलीय आणि ही माझ्या शेजारच्या खाटेवर बसून मोठमोठ्यानं पाठ करतेय. त्या गलक्यात मला धड लिहिता येत नाही, पण गप्प बस म्हणायला जीभ रेटत नाही.

पोरांना पापा.

तुमचीच