शून्य ते दहा

३ मार्च
नोकरी लागली एकदाची. वेदनाशामक गोळ्यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा, आणि मी तिथली तंत्रज्ञ. काम सोपं आहे. स्वयंसेवकाच्या हाताला तापणारी छोटी चकती बांधायची, त्याला स्कॅनरमध्ये झोपवायचं आणि पडद्यावर त्याचा मेंदू पाहायचा. दुखलं की ठरावीक जागा लाल होतात. मग गोळी द्यायची आणि पुन्हा तेच. किती दुखलं ते त्यानं शून्य ते दहामध्ये सांगायचं. डॉक्टर हसतमुख आहेत. ताईला फोनवर सांगितलं की लोकांना चटके देण्याचा पगार मिळणार आहे. ती म्हणाली, लहानपणी मला फुकट देत होतीस.

५ मार्च
व्यक्ती तितक्या प्रकृती हे इथं डोळ्यांनी दिसतं. गोळी तीच, चटका तोच. कवायतीच्या मास्तरांचा आकडा आठवरून दोनवर आला, मेंदूही थंडगार. बँकेतल्या बाईंना मात्र काडीचा उपयोग नाही. हा फरक का पडतो तेच तर शोधायचंय, असं डॉक्टर म्हणाले.
शेवटी एक म्हातारे शिंपी आले. गोळीनंतर त्यांनी शून्य सांगितलं. पडद्यावर मात्र लालच लाल, आधीपेक्षा जास्त. यंत्र तपासलं, ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांची तक्रार नाही, मग तुझी का?

९ मार्च
शिंपीकाका पुन्हा आले. डॉक्टरांनी चकती जास्त तापवायला लावली. काका शून्य म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी चकती काढली तर खाली टरारून फोड आलेला. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त वहीत काहीतरी टिपलं.
बाहेर काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. काही सांगायची धडपड चालली होती. तोंडातून शब्द आला तो एकच. शून्य.

११ मार्च
माझ्या आधीची मुलगी लग्न ठरलं म्हणून सोडून गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आज फायलीत तिचा स्कॅन सापडला. तारीख तिनं नोकरी सोडल्यानंतरची. मेंदू लाल, आकडा शून्य. पाणी नक्की मुरतंय कुठंतरी. राजीनामा लिहिलाय. उद्या देते.

१२ मार्च
सकाळपासून अक्कलदाढ ठणकतेय. डॉक्टरांनी गोळी पुढे केली, मी नको म्हटलं. डोकेदुखीसाठी दुकानातून आणलेली गोळ्यांची पट्टी इथल्या खणात होती, तिच्यातली एक घेतली. मग पट्टी उलटून पाहिली. मागची चांदी डिंकानं परत चिकटवलेली —

दुपारी
ठणका वाढलाय. डॉक्टरांनी विचारलं, किती? मला नऊ म्हणायचं होतं. शून्य म्हणाले.
मी दारापर्यंत गेले. पहारेकऱ्यानं विचारलं, काही त्रास होतोय का. नाही म्हणाले. डॉक्टर हाताला धरून परत घेऊन आले. सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणाले. तुला पडली.

१३ मार्च
स्कॅन करू या, हरकत आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. नाही म्हणाले. चकती बांधली — वास येत होता — माझ्याच हाताचा —
ताईचा फोन. बरी आहेस ना? मी हसले. छान आहे म्हणाले. तिनं ठेवला.

डॉक्टर चहाला गेलेत. लिहिता अजून येतंय. ताई, फोनवर म्हणाले ते खोटं. लगेच ये. मला फार —
मला फार छा