सुंदररावांच्या अंगणातलं देवमाशाचं शेपूट

ती. अक्कास,

धाकट्या राधाकिशनचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर कंबर धरते, म्हणून हा नमस्कार जरा जास्त वेळ चालला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? दूध संघाचे चेअरमन झाल्यापासून ते वडवणीत चहा फार पितात असं कानावर आलंय. मी त्यांना सांगू शकत नाही, तू सांग.

इकडे शिरूर कासारच्या बाजूला पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड दाखवलं नाही. दिवाळी झाली तशी कर्ती माणसं टोळ्यांबरोबर ऊसतोडीला गेली. गावात उरली म्हातारी माणसं, शेरडं आणि माझी पहिली-दुसरीची बावीस पोरं. पाणी टँकरचं. अशात वरून पत्रक आलं, की लहान मुलांना समुद्र, वन्यप्राणी आणि निसर्गाचं रक्षण शिकवावं. सोबत देवमाशाचं चित्र, पोस्टकार्डाएवढं.

मी मोठ्या उत्साहानं समुद्र शिकवायला घेतला. (मी स्वतः तो पाहिलेला नाही. शिक्षकांची सहल निघाली तेव्हा मला कांजिण्या झाल्या होत्या.) वर्गात साखरा नावाची सहा वर्षांची पोर आहे, मेंढरं राखणाऱ्या धुळाजीची नात. आईबाप तिचेही तोडीला गेलेले. तिनं हात वर केला आणि विचारलं, "गुर्जी, समुद्राला टँकर कोन्त्या वारी येतो?" तिथं टँकर लागत नाही म्हणालो, तर सगळी पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली, की मास्तर आता काहीही सांगणार. त्यात मी देवमासा शंभर फूट लांब असतो असं बोलून गेलो आणि उरलीसुरली पतही गेली.

मग मी काय केलं, तर सव्वीस जानेवारीच्या शर्यतींच्या रेघा मारून उरलेली चुन्याची फक्की काढली आणि सुतळीनं मोजून खराखुरा देवमासा जमिनीवर आखला. तोंड शाळेच्या पायरीला, पोट रस्त्यावर आणि शेपूट थेट सुंदररावांच्या अंगणात. (सुंदरराव म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन, गावातले सगळ्यात मोठे जमीनवाले. मला शेपूट आखडता आलं असतं, पण शास्त्र म्हणजे शास्त्र.) बावीसच्या बावीस पोरं त्याच्या पोटात जाऊन बसली, तरी जागा उरली. साखरा म्हणाली, "आजून आमची मेंढरं बी मावतील." त्या दिवशी मला आपण शिक्षक झाल्याचं सार्थक वाटलं. ते तासभर टिकलं.

कारण संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की नळयोजनेची पाइपलाइन आखली गेली. सुंदरराव आधी अंगणात आखणी कुणी केली म्हणून तणतणत आले होते, पण पाइपलाइन म्हटल्यावर त्यांनी शेपटाशी पाणी शिंपडून नारळ फोडला. सहा-सात म्हाताऱ्या घागरी घेऊन मला विचारायला आल्या, तोटी कुठं बसणार? अक्का, त्यांना तो मासा आहे असं सांगताना मला इतकी लाज वाटली, की मी घागरींकडे बघूनच बोललो. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. त्या गुमान घागरी उचलून गेल्या. सुंदरराव तेवढे म्हणाले, "मास्तर, प्यायला पानी न्हाई अन् तुमी कावून मासे काढायलेत?" रात्री मी ठरवलं, पत्रक गुंडाळून ठेवायचं, बाराखडी बरी.

पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी हरणाचं एक पाडस पाण्याच्या शोधात गावात शिरलं. मागं चार कुत्री. (पुढचं सुंदररावांचं.) पाडस शाळेसमोर येऊन कोसळलं. मी छडी शोधेपर्यंत साखरा धावली, तिच्यामागं सगळी पोरं, आणि हात धरून पाडसाभोवती कडं केलं. दुसरीतला हरिबा, जो एरवी कोंबड्याला भितो, तोही कुत्र्यांकडे तोंड करून डोळे गच्च मिटून उभा होता. मग घरून आणलेल्या बाटल्यांतलं पाणी पोरांनी माझ्या जेवणाच्या ताटलीत ओतलं. अक्का, शाळेत दुसरं पाणी नाही. दिवसभराचं पाणी होतं ते त्यांचं.

इतक्यात सुंदरराव आले. ते पोरांकडे बघत राहिले, ताटली चाटणाऱ्या पाडसाकडे बघत राहिले, आणि पायातली वहाण काढून त्यांनी आपल्याच कुत्र्याला हाणली. मग घरातून कळशी आणवली आणि एकेका पोराची बाटली स्वतः भरून दिली.

ऊन उतरल्यावर धुळाजीनं पाडस घोंगडीत गुंडाळून माळावर नेलं. पाडसाची आई तिथंच घुटमळत होती म्हणे. येताना त्यानं मेंढरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण माळाच्या कडेला लावली. आता शाळा सुटली, की पोरं बाटलीत उरलेलं पाणी त्या डोणीत ओततात. घोटभर कुणाचं, दोन घोट कुणाचं. सुंदररावांच्या घरची एक कळशीही कोण जाणे कधी तिथं रिकामी होते. मी शिकवलं असं यात काहीच नाही. पत्रकाच्या उत्तरात मात्र मी 'शिकवले' असं लिहिलंय.

मुलांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार.

तुझा
राधाकिशन

ता. क. तुझं पत्र परवाच मिळालं. दाजींनी खटपट करून माझी बदली वडवणीला जमवली, तू माझ्यासाठी खोली झाडून घेतलीस, हे वाचून डोळे भरून आले. पाच वर्षं मीच तुझ्या मागं लागलो होतो. तर दाजींचा पारा बघून, त्यांना चहा देऊन (आजचा दिवस देच), एवढं विचार, की ती बदली रद्द होईल का? कारण काहीही सांग. कंबर सांग.

ता. क. दुसरा. खरं कारण तुला म्हणून सांगतो. बदलीची बातमी गावात फुटली आणि काल साखरा दप्तर घेऊन माझ्या खुर्चीशी उभी राहिली. घरी जाईना. विचारलं तर म्हणाली, "गुर्जी, तुमी बी जानार हाय म्हनं. आई गेलतीच, आता तुमी?" मी 'न्हाई' म्हणून बसलोय, अक्का. आता तूच बघ.