अधिक बारा, उणे बारा आणि तुळसीचं घर

मी, गुरुमूर्ती राव, एन्नोरच्या वीज केंद्रातून निवृत्त, राहणार अण्णा नगर, चेन्नई, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं ठिकाणावर आहे; बूड मात्र खुर्चीवर ठरत नाही, दर ओळीला उठतो आहे. वकील इंग्रजीत करा म्हणाले. माझी धाकटी विधवा बहीण तुळसी हिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून मराठीत करतो.

१. राहता फ्लॅट माझ्या स्वकमाईचा आहे. तुळसीने हयातभर त्यात राहावं. तिच्या पश्चात तो माझा एकुलता मुलगा भीमसेन याचा. ती असेपर्यंत त्याने तो विकू नये, आणि 'आत्ते, ओरगडमला आमच्याकडे चल' म्हणून दर रविवारी तिचं डोकंही खाऊ नये.

२. बँकेतल्या ठेवी दोघांना निम्म्या-निम्म्या. माझा वीज मोजायचा मीटर जुना सहकारी वेंकट मागून घेऊन गेला, तो परत आलाच नाही. तो त्याला दिला असं समजावं. निदान मेल्यावर तरी मला तगादा लावायला नको. सोल्डरिंगचं सामान भीमसेनला. आधी शिकावं, मग हात लावावा.

३. मी घरी बनवलेला सिंथेसायझर, म्हणजे वेगवेगळे खण तारांनी जोडून सूर काढायचं वाद्य, तुळसीला. घशाच्या ऑपरेशननंतर तिचं गाणं बंद झालं, तेव्हापासून ती तेच वाजवते. त्याला वीज दोन्ही बाजूंची लागते : अधिक बारा व्होल्ट, उणे बारा व्होल्ट आणि मध्ये शून्याची तार. तो पुरवठा मी स्वतः बांधला. तिच्या कानाला घुरघुर ऐकू येईनाशी होईपर्यंत कपॅसिटर बदलत राहिलो. आयुष्यात इतकं मन लावून दुसरं काही केलं नाही.

४. हे कलम नीट वाचावं. मागच्या आठवड्यात मी तपासण्यांसाठी इस्पितळात असताना भीमसेनने माझं टेबल आवरलं. व्होल्ट स्थिर राखायला प्रत्येक बाजूला एक रेग्युलेटर असतो. उणे बाजूच्या रेग्युलेटरच्या धातूच्या पाठीवर वीज असते, अधिक बाजूच्या नसते. म्हणून दोन्ही मी वेगळ्या पत्र्यांवर ठेवले होते. ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्याला ते बेंगरूळ दिसलं. त्याने दोन्ही एकाच चकचकीत धातूच्या पट्टीवर घट्ट बसवले आणि काही न बोलता निघून गेला.

संध्याकाळी तुळसीने स्विच टाकला आणि धूर झाला. इस्पितळात येऊन भीमसेन मला म्हणाला, "अप्पा, आत्ते एक दिवस घर जाळील. फ्लॅट काढून टाकूया." ती म्हणाली, "अय्यो अण्णा, माझ्याच हातान झालं कीं!" तेव्हापासून ती मिक्सरसुद्धा लावत नाही. चटणी पाट्यावर वाटते. ते मला बघवत नाही.

काल घरी येऊन मी झाकण उघडलं आणि पट्टी पाहिली. तिच्यातून उणे बाजूची वीज सरळ शून्याच्या तारेला भिडत होती. स्विच कोणीही टाकला असता तरी हेच झालं असतं. तुळसीची चूक नव्हती. भीमसेन वाईट मुलगा नाही, पण त्याला टापटिपीचा रोग आहे आणि विचारायची सवय नाही.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. तोवर ती स्विचला भीत बसणार काय? म्हणून दोघांना बसवून, साक्षीदारांसमोर, हे आत्ताच मोठ्याने वाचून सही करतो. भीमसेनला काही म्हणायचं असेल तर त्याने खाली म्हणावं. त्याला देवनागरी लिहिता-वाचता येत नाही; तुळसीने लिहून घ्यावं.

सही : गुरुमूर्ती राव

आमच्यासमोर वाचून सही केली :
अनंतकृष्ण राव, शेजारी
डॉ. सहाना, घरच्या डॉक्टर

चेन्नई, ९ सप्टेंबर २०२४

भीमसेनचं म्हणणं, त्याने सांगितलं तसं : दोन्ही एका पट्टीवर मी लावले. फ्लॅट विकायचं पुन्हा काढणार नाही. आत्तेचा दोष नाही.

शेवटचं वाक्य मी आधी गाळलं होतं. त्याने सगळं वाचून दाखवायला सांगितलं आणि ते लिहायला लावलं.
तुळसी